डावीकडे पाकट, उजवीकडे पतंग

१६ सप्टेंबर, मंगळवार

अ‍ॅटलास पतंगाला विषारी काटा नसतो. गारगोटीच्या शाळेतल्या हुस्ना मॅडमनी आज फोनवर पक्कं सांगितलं. तो मेल्यावर!

रविवारच्या बालपानावर माझा लेख होता — हा पतंग आणि पाकट मासा. दोघेही पसरट, जणू पंख पसरलेले; बाकी नातं शून्य. एक झाडावरचा किडा — आठवडाभर जगतो, खायला तोंडसुद्धा नाही. दुसरा समुद्रातला, तोंड पोटाखाली, शेपटीवर विषारी काटा. सोपं होतं. पण पान लावणाऱ्या संयोगितानं फोटोंची अदलाबदल केली. पतंगाखाली छापलं — ‘पाकट. विषारी काटा. दूर राहा.’ आणि पाकटाखाली — ‘पतंग. रात्री दिव्याभोवती फिरतो.’

सोमवारी त्या शाळेत शिपाई बसलिंगाप्पानं वर्ग उघडला. खिडकीवर वीतभर पतंग. झाडूनं ठेचला. "पेपरात हाय की मॅडम! पोरास्नी डसला असता!"

वाचकांचा आपल्यावर अजून विश्वास आहे. धन्य!

१७ सप्टेंबर

मासळीवाल्या मलिकाचा फोन. "व्हय साहेब, माझ्या पाटीतला पाकट दिव्याभोवती फिरवलासा की! उद्या बांगडा आंब्यावर बसवा!"

गारगोटीत बसलिंगाप्पाचा सत्कार. शाल, नारळ, फ्लेक्स. फ्लेक्सवर पुढाऱ्याचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा.

दुसरा नारळ आमच्याकडे. संपादक विजयसिंह म्हणाले, "शनिवारी त्या पोरीला घरी पाठवतो." तीन महिन्यांची नोकरी. ती म्हणे, "सर, तुम्ही लिहिलं तसंच लावलं." सगळे असंच म्हणतात! पस्तीस वर्षांत मी एकदाही वेळ चुकवली नाही; हिला दोन फोटो सांभाळवेनात.

१८ सप्टेंबर

हुस्ना मॅडम पुन्हा. सहावीच्या मुलांनी त्या पतंगाचा कोष महिनाभर बुटाच्या खोक्यात सांभाळला होता. रोज सकाळी आधी खोकं, मग प्रार्थना. सोमवारी खोक्यात रिकामा कोष, आणि केरात पंख.

विजयसिंहांना सांगितलं — खुलासा मी लिहितो.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

खुलासा लिहायला म्हणून माझाच जुना मेल उघडला. मजकूर चारला दिलेला — नेहमीसारखा, वेळेआधी. ‘डावीकडे पाकट, उजवीकडे पतंग.’ फोटो आले पावणेसहाला — एकाच चौकटीत जोडलेले, पतंग डावीकडे. डावं-उजवं मी न बघताच ठरवलं होतं! संयोगितानं विचारायला फोनही केला होता. मी म्हणालो होतो — "लिहिलंय तसं लाव."

खुलासा सहाला द्यायचा होता. साडेसहा झालेत, एकच ओळ झालीय — चूक माझी. उद्या नारळ कुणाला, ते विजयसिंह वाचून ठरवतील. सोमवारी हुस्ना मॅडम सहावीच्या वर्गात मोठ्यानं वाचणार आहेत.