दुसऱ्या अंकातला हशा

१९ डिसेंबर

दिग्दर्शकानं दुसरा अंक परत दिला. परत दिला कसला — टेबलावर आपटला! "बाई, यातली मुलगी लाकडाची आहे. बारा वर्षांची पोरगी असं बोलते? तुम्हीच बोलताय, फ्रॉक घालून." सगळ्या नटांसमोर. दिवे लावणारासुद्धा हसला.

पहिला प्रयोग नऊ दिवसांवर.

घरी आले तर जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद, तीन कात्र्या आणि पिठाच्या खळीचं पातेलं. लेक, मुंगी, तयारच बसलेली. शाळेला आजपासून सुट्टी. म्हणजे आमचं वर्षअखेरचं प्रकरण सुरू. बाहेरून काही आणायचं नाही, सगळं घरी करायचं. हॉलच्या खिडकीला बारा काचा आहेत, बारा महिन्यांत घरात जे घडलं त्याचं एकेक कागदी चित्र कापून एकेका काचेवर चिकटवायचं. नवऱ्यानं केक करायचा (केक दरवर्षी मधोमध खाली बसतो). आणि एकतीसला चादरीचा पडदा लावून घरचं नाटक, शेजाऱ्यांना बोलावून. ही सगळी माझीच करणी. मुंगी तीन वर्षांची असताना हौसेनं सुरू केलं. हौस कधीच आटली. पण एकदा पोराबाळांना लागलं की सुटका नाही.

"आई, खि-खि-खि—"

"खिडकी. उद्या."

२० डिसेंबर

सकाळी चार पानं लिहिली, चारही फाडली. मुंगीनं तो कागद काच-चित्रांसाठी नेला. माझ्या संवादांचे निदान ढग तरी झाले.

नवरा चष्म्याच्या दुकानातून जेवायला आला. दिवसभर लोकांना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावतो, माझं एक अक्षर दहा वर्षांत वाचलेलं नाही. मुंगी एप्रिलच्या काचेबद्दल काही सांगत होती. "ए-ए-ए—" मी म्हटलं, "एप्रिल. पुढे?" "मी ठ-ठ—" "ठरवलंय. काय ठरवलंस?" ती भात चिवडायला लागली.

नवरा म्हणाला, "तिला बोलू दे की जरा."

"तुला वेळ आहे. मला नाही."

सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही. पण चमचा थांबला. त्या अशाच बोलतात, चमच्यानं.

२१ डिसेंबर

सापडली! नाटकातली मुलगी सापडली. घरातच होती!

आंघोळ करताना सुचलं. जेवणाच्या टेबलावर एक मुलगी काहीतरी सांगू बघते. अडखळते. तिचं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी थांबत नाही, जो तो आपल्या मनानं पुरं करून टाकतो. तिला काय सांगायचं होतं ते शेवटपर्यंत कळतच नाही. झालं! दुसरा अंक उभा राहिला.

दिग्दर्शकाला फोन केला. तो ओरडलाच — "बाई, काय हाणलंय! हशा बघा कसा येतो!"

"हशा?"

"आधी हशा, मग रडू. हशाशिवाय रडू येत नाही लोकांना."

इथं तरी खरं लिहायचं असं ठरवलंय, म्हणून लिहिते. नको म्हणावंसं वाटलंच नाही.

२२ डिसेंबर

मुलीचं काम करणारी नटी घरी आली. तेवीस वर्षांची, पण चेहरा कोवळा आहे, वेणी घातली की बारा-तेराची दिसते. मुंगीला सांगितलं, "ही ताई काचांना मदत करायला आलीय." मुंगीनं लगेच आपली चांगली कात्री तिला दिली. ती कुणालाच देत नाही, मलाही नाही.

आम्ही तिघी टेबलाशी. मी मध्ये. मुंगी बोलायला लागली आणि अडखळायला लागली, नटी कागद कापता कापता तिच्या ओठांकडे बघत होती. हनुवटी आधी वर जाते. डावा डोळा मिटतो. मग शब्द सुटतो, धक्का दिलेल्या गाडीसारखा. मला बारा वर्षांत हनुवटी दिसली नव्हती. हिला अर्ध्या तासात दिसली. पोरगी हुशार आहे.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल तीन काचा झाल्या. एप्रिलला मुंगीनं सायकल कापली. मला वाटलं होतं ती काही वेगळंच करणार आहे.

२४ डिसेंबर

काल नटी परत आली. मुंगीनं स्वतःहून हट्ट धरला म्हणून. जाताना जिन्यात मला म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे का, ती 'पाणी' म्हणत नाही? 'प' अडकतो तिला. म्हणून 'तहान लागलीय' म्हणते. तुमच्याबरोबर बसनं जाताना 'पुढे सरका' म्हणता येत नाही म्हणून सगळ्यांच्या शेवटी चढते. मला कानात सांगितलंन. कुणाला सांगू नको म्हणाली."

इतकी वर्षं मी तिला ओरडत आलेय — सरळ पाणी माग, तहान लागलीय तहान लागलीय काय लावलंयस, राजकन्या आहेस का!

जिन्यात तशीच उभी राहिले. मग आत येऊन लिहायला बसले. पाण्याचा प्रसंग एका बैठकीत झाला. इतकं सरसर गेल्या दोन वर्षांत लिहिलं नव्हतं.

२६ डिसेंबर

तालीम. पाण्याच्या प्रसंगाला दिग्दर्शक खुर्चीवरून खाली आला हसून. नटी हुबेहूब करते. हनुवटी, डोळा, सगळं. माझ्या अंगावर काटा आला. चांगला काटा.

नंतर ती बाजूला घेऊन विचारते, "तिला सांगितलंत ना?"

"हो."

"मग? काय म्हणाली?"

"खूश झाली."

एवढं सफाईनं खोटं मला पात्रांनाही बोलायला लावता येत नाही.

२७ डिसेंबर

सासूबाई विचारत होत्या, "उद्याच्या नाटकात मी आहे का?" मागच्या नाटकात मी त्यांना पहिल्याच अंकात मारलं होतं. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या, आपणच आहोत हे कळलं नाही, असं मी आजवर समजत होते.

म्हटलं, "नाही, या वेळी तुम्ही नाही."

"मग कोणाची पाळी?" म्हणाल्या, आणि दात काढून वाटीत ठेवले.

२९ डिसेंबर, सकाळ

प्रयोग झाला. हाऊसफुल्ल! क्रमानं लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

तिसरी रांग. नवरा, मध्ये मुंगी, मग सासूबाई. मी मागे विंगेत, फटीतून बघत होते. मुंगीनं निळा फ्रॉक घातला होता, ताईला आवडतो म्हणून. दुसऱ्या अंकात नटी आली तेव्हा मुंगीनं हात हलवला. खरोखर हलवला! नवऱ्यानं तो धरून खाली घेतला.

"आई, मला प-प-प—"

पहिला हशा. मुंगीही हसली. सगळे हसतात म्हणून, आणि ताई आहे म्हणून. नवऱ्याच्या तोंडाकडे बघून आणखी हसली. तो हसत नव्हता.

मग नटीनं हनुवटी वर केली, डोळा मिटला, आणि म्हणाली, "त-तहान लागलीय." आणि नाटकातली आई म्हणते, "राजकन्या आहेस का!" माझं वाक्य. माझं म्हणजे — माझंच.

छप्पर उडेल असा हशा. तेव्हा मुंगी हसायची थांबली. रडली नाही. आपली हनुवटी हातानं धरली आणि खाली दाबली. अंक संपेपर्यंत तशीच धरून बसली होती.

टाळ्या. मला रंगमंचावर बोलावलं. गेले. वाकून नमस्कार केला. तिसऱ्या रांगेत सासूबाई एकट्याच बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

टॅक्सीनं एकटीच घरी आले.

नवरा एकच वाक्य बोलला. "तू तिला विचारलं होतंस?" मी म्हटलं, "ती मुलगी म्हणजे ती नाही. पात्र आहे ते." तो म्हणाला, "बरं." इतकं वाईट 'बरं' मी कुठल्याही नाटकात ऐकलेलं नाही.

३० डिसेंबर

पेपरात आलंय — "लेखिकेचं निरीक्षण निर्दय आहे, आणि तेच या नाटकाचं बळ." कापून ठेवलं.

नटी आली होती. मुंगी खोलीतून बाहेर आली नाही. दाराखालून फक्त कात्री सरकवली, आपली चांगली कात्री. ठेवून घे म्हणून, की तू वापरलीस ती आता मला नको म्हणून? नटी जिन्यात बसून रडली. मला म्हणाली, "तुम्ही 'खूश झाली' म्हणालात." मी म्हटलं, "तू काम उत्तम केलंस." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं बुटाच्या तळाला काही लागल्यावर पाहतात.

१ जानेवारी

काल घरचं नाटक. मला वाटलं होतं मुंगी नको म्हणेल. उलट सकाळीच चादर बांधायला लागली! मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, "बघ, विसरली. मुलं विसरतात." केक मध्ये बसला. शेजारचे आठ-दहा जण आले, निम्म्यांनी माझं नाटक पाहिलेलं, माझं कौतुक करत. खिडकीतल्या बारा काचांपैकी अकरा भरलेल्या. डिसेंबर रिकामा. कुणीतरी विचारलंही. "वेळ झाला नाही," मी म्हटलं.

चादर सरकली. मुंगी एकटीच. बाकी कुणी पात्र नाही. निळा फ्रॉक. माझ्याकडे बघून सुरू केलंन —

"मा-मा-मा-झं ना-ना-ना-व—"

एकेका शब्दाला अडखळत होती. मुद्दाम. हनुवटी छतापर्यंत. डोळा घट्ट मिटून. ती नाटकातल्या मुलीची नक्कल करत होती, जी तिची नक्कल होती. शेजारी हसायला लागले — नाटक पाहिलं होतं ना त्यांनी, वाटलं त्यातलाच भाग! कुणीतरी म्हणालंसुद्धा, "आईपेक्षा लेक वरचढ!" ती थांबली नाही. पाणी हा शब्द घेतलान. प, प, प, प. एक मिनिट. दोन मिनिटं. हशा विरळ झाला. मग एकटाच कोणीतरी हसत होता. मग तोही थांबला. ती नाही थांबली. कपाळावर शिरा आल्या. नवरा उठला तर तिनं हात वर करून त्याला बसवलं. शेवटी सासूबाई उठल्या, पुढे गेल्या आणि तिच्यासमोर भरलेला पेला धरला. ती एका दमात प्यायली. पेला परत दिला. वाकून नमस्कार केला. अगदी माझ्यासारखा.

शेजारी केक न खाता गेले.

आणि मी? इथं खरं लिहायचं असं ठरवलंय. ती उभी होती, शिरा तटतटलेल्या, आणि माझ्या डोक्यात एकच — हा शेवट आहे. दुसऱ्या अंकाचा हाच शेवट आहे!

३ जानेवारी

मुंगी माझ्याशी बोलत नाही. चिठ्ठ्या लिहिते. "शाळेत सोमवारी पांढरे मोजे." "दूध नको." अक्षर सुरेख आहे. एकही शब्द अडखळलेला नाही.

मी "माफ कर" म्हणायला तिच्या खोलीत गेले. तिनं वही पुढे केली, पेन दिलं. म्हणजे लिहून दे. मला — मला! — एक ओळ सुचली नाही. पेन तसंच ठेवून आले.

५ जानेवारी

नवा शेवट दिग्दर्शकाला पाठवला. नटीनं काम सोडलं. दुसरी मिळाली.

९ जानेवारी

नव्या शेवटासह प्रयोग. आधी हशा, मग रडू. दिग्दर्शकाचं खरं निघालं. लोक उभे राहिले. घरातलं कुणी आलं नव्हतं.

नवरा हल्ली दुकानातच जेवतो. सासूबाई मुंगीला वाढतात, स्वतः वाढून घेतात, माझं ताट टेबलाच्या टोकाला झाकलेलं असतं. नीट झाकलेलं असतं, तक्रार करायला जागा नाही.

१७ जानेवारी

मुंगीची चिठ्ठी नव्हती, शाळेची होती. तिच्या दप्तरातून पडली. आज दुपारी मोठ्याने वाचनाचा कार्यक्रम, पालकांनी यावं. तिनं मला दिलीच नव्हती. नवऱ्याला दिली असावी, त्यानं दुकान बंद ठेवलं होतं.

गेले. उशिरा पोचले, मागच्या दारात उभी राहिले. स्टेजवर मुंगी. हातात पुस्तक. सलग वाचत होती. पाणी, पक्षी, पहाट, पुढे — एकही शब्द अडकत नव्हता. हनुवटी जागच्या जागी. मी शेजारच्या बाईंना विचारलं, "ही अडखळत नाही?" त्या शाळेतल्याच बाई निघाल्या. म्हणाल्या, "ही? छे! चार वर्षं माझ्या वर्गात आहे. कधीच नाही."

तेवढ्यात तिनं मान वर केली. मला पाहिलं.

"प-प-प—"

मी खांबाच्या मागे सरकले. मग वाक्य पुढे सुरू झालं.