तुमची कूपे ठेवावी की विकावी

तीर्थस्वरूप मेहुणेसाहेब यांस,

मास्तरचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे सध्या कामाचे राहिलेले नाहीत आणि त्याला कारण तुमचीच गाडी आहे, तेव्हा उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घ्यावा.) तुमची तब्येत कशी आहे? जहाजावर पाठ धरते असं मागच्या पत्रात लिहिलं होतंत, आता बरी असेल. इंजीनरूमच्या उकाड्यात पाणी भरपूर पीत जा, हे तुमच्या बहिणीने मला तीनदा बजावून लिहायला सांगितलं आहे. मी एकदाच लिहितो, तुम्ही तीनदा वाचा. इकडे सगळे खुशाल. शाळा सुरू व्हायच्या आत तिला दोनशे गणवेश शिवून द्यायचे आहेत, त्यामुळे घरात शिवणयंत्र आणि ती, दोघंही दिवसभर चालू असतात. माझं ड्रायव्हिंग स्कूलही बरं चाललं आहे म्हणायचं.

आता मुद्द्याचं. तुम्ही विचारलंत, की कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर गाडी मागताहेत, महिनाअखेरीला न्यायला तयार आहेत, ठेवू की विकू? तुम्ही यातले जाणकार, तुम्ही म्हणाल तसं करतो, असंही लिहिलंत. मेहुणेसाहेब, इतक्या मानाने मला गेल्या तीस वर्षांत कोणी काही विचारलेलं नाही, म्हणून हातचं काही राखून न ठेवता सांगतो. विका. डॉक्टर नको म्हणाले तर त्यांच्या कंपाउंडरला विका. पण सहा महिने सांभाळा म्हणून जी वस्तू माझ्या गळ्यात बांधून तुम्ही समुद्रावर निघून गेलात, तिने मला काय दिवस दाखवले ते आधी ऐका.

पहिलं म्हणजे दारं. चार माणसांच्या गाडीला दारं दोन (म्हणे यालाच कूपे म्हणतात), आणि ती एवढी लांबलचक, की आमच्या गल्लीत एक उघडलं की दूधवाल्याला सायकल उचलून न्यावी लागते. हँडलला हात लावला की काच बोटभर खाली सरकते, आतून कोणीतरी कोण आलंय ते बघून घेतंय असं वाटतं. आत बसलं की खांद्यामागून प्लास्टिकचा एक हात पुढे येतो आणि सीटबेल्ट समोर धरतो. पहिल्या दिवशी मी त्या हाताला 'थँक्यू' म्हणालो. (तुमची बहीण यावर दोन दिवस हसत होती. तिसऱ्या दिवशी तिने ते गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली.) आणि मागच्या सीटबद्दल तर बोलूच नये. ती सीट ज्याने आखली त्याने माणसाला पाय असतात हे ऐकलं असावं, पाहिलं नसावं. गुडघे हनुवटीला टेकतात, डोकं काचेला घासतं, आणि उतरायचं म्हटलं की पुढची सीट मोटरवर हळूहळू पुढे सरकेपर्यंत आत अडकून पडायचं. ती आपल्या सवडीने सरकते. (एवढं बारीकसारीक मला कसं माहीत, ते विचारू नका.)

दुसरं, ते हायब्रीड प्रकरण. गाडी हायब्रीड आहे एवढं सांगून तुम्ही गेलात. मला वाटलं, आहे तर चार्ज केली पाहिजे. दोन दिवस मी तिच्याभोवती वायर घेऊन फिरतोय आणि पिन घालायला भोक सापडत नाहीये. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली आडवा होऊन पाहिलं. शेजारचा इलेक्ट्रिशियन टॉर्च घेऊन आला, तोही आडवा झाला. शेवटी वर्कशॉपच्या मेकॅनिकला बोलावलं. तो आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, मास्तर, ही माइल्ड हायब्रीड आहे, म्हणजे सौम्य, हिला चार्जिंग नसतं. मेहुणेसाहेब, औषध सौम्य असतं, साबण सौम्य असतो, गाडी कशी सौम्य असेल? तर म्हणे, इंजीन पेट्रोलचंच, सहा सिलिंडरचं, त्याला एक लहानशी मोटर जोडलेली. ब्रेक मारला की वाया जाणारा जोर ती मोटर गोळा करते, छोट्या बॅटरीत साठवते, आणि गाडी निघताना इंजीनला परत देते. म्हणजे गाडी ती चालवत नाहीच, निघताना नुसता हात लावते. आमच्याकडे कपाट हलवायचं असलं की आमचे धाकटे काका असंच करतात. पहिला धक्का त्यांचा, मग ते चहाला बसतात आणि कपाट आम्ही हलवतो.

खोटं कशाला बोलू, चालायला गाडी लोण्यासारखी आहे. अ‍ॅक्सिलेटरला पाय टेकवला की बाणासारखी निघते, आणि तरी कपातलं पाणी हलत नाही. वळणावर घेतली तर रस्त्याला चिकटून जाते, खड्डे आले तर आले कधी नि गेले कधी ते कळत नाही. पण हेच तर माझं दुखणं आहे. हिला नऊ गिअर आहेत. नऊ! पाच गिअर लोकांच्या डोक्यात घालता घालता माझे केस गेले, आणि ही नऊच्या नऊ आपल्या मनाने बदलते, तेही आवाज न करता. मी कान लावून मोजायला गेलो, चारपर्यंत पोचलो आणि आमचं वळण मागे राहिलं. उतार लागला की ही इंजीन चक्क बंद करते आणि नुसती घरंगळत जाते! गाडी न्यूट्रलला टाकून उतार उतरणाऱ्याला मी तीस वर्षं वर्गाबाहेर काढत आलो आहे. आता हिला कुठे काढू?

आणि आता तो चौक. तुम्हाला माहीतच आहे, मोठ्या चौकात सिग्नलसमोरच माझ्या स्कूलची पाटी आहे, आणि पाटीखाली मी स्वतः लिहून घेतलं आहे, 'गाडी बंद पडली, परीक्षा बुडाली'. त्या चौकात मी तुमची गाडी घेऊन उभा होतो. बाजूला तुमची बहीण, तिच्या मांडीवर दीड डझन अंडी. लाल दिवा लागला, मी थांबलो, आणि इंजीनचा आवाजच गेला. ठप्प! माझ्या पाटीसमोर माझी गाडी बंद पडली. गाडी बंद पडली की ताबडतोब चालू करायची, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. मी स्टार्टचं बटण दाबलं. आता मला काय ठाऊक, की सिग्नलला ही आपण होऊन इंजीन थांबवते आणि ब्रेकवरचा पाय उचलला की आपण होऊन चालू करते! ती नुसती थांबली होती, मी बटण दाबून तिला खरोखरच बंद केली. पडद्यावर 'पुन्हा भेटू' अशा अर्थाचं काहीतरी आलं आणि गिअर आपोआप पार्किंगला गेला.

हिरवा झाला. मागे हॉर्नचा गदारोळ. मी बटण दाबतोय, पडदे उजळताहेत, गाणं लागतंय, गाडी काही चालू होत नाही, कारण ब्रेक दाबल्याशिवाय ही चालू होत नाही, आणि घाबरून ब्रेकवरचा पाय मी कधीच काढला होता. तेवढ्यात ट्रॅफिक हवालदार आला. हा माझाच विद्यार्थी, रिव्हर्समध्ये दोनदा नापास झालेला, त्याला आम्ही सगळे 'रिव्हर्स'च म्हणायचो. तो खिडकीत वाकून अगदी आदराने म्हणाला, "मास्तर, क्लच दाबा." तीस वर्षांचं पुण्य बघा, मी दाबला! या गाडीला क्लच नाहीच, डाव्या पायाने जे दाबलं तो निघाला ब्रेक, बोट बटणावर होतंच, गाडी चालू झाली. मी खूश होऊन गिअर टाकला, दहा फूट पुढे गेलो आणि सवयीने पुन्हा क्लच म्हणून पाय हाणला. या गाडीचे ब्रेक काय आहेत ते तुम्हाला ठाऊक आहेच. अंड्यांचं काय झालं ते लिहीत नाही. पुढच्या लाल दिव्याला इंजीन पुन्हा थांबलं आणि माझं बोट पुन्हा बटणाकडे निघालं, तेव्हा तुमच्या बहिणीने ते हवेतच पकडलं. म्हणाली, "काही करू नका हो. नुसता पाय उचला."

उचलला. गाडी चालू होऊन निघाली.

घरी आल्यावर कळलं, की मी वायर घेऊन फिरत होतो तेव्हा तिने गाडीबरोबर आलेलं चारशे पानांचं पुस्तक काजं-बटणं करता करता वाचून काढलं होतं. वर मलाच समजावते. म्हणे, शिवणयंत्राच्या पायडलवरून मी पाय काढला की ते थांबतं, ठेवला की चालतं, दिवसातून हजारदा. त्याला कोणी 'बंद पडलं' म्हणतं का? 'बंद पडलं' हे तिच्या तोंडून ऐकलं आणि मला एक जुना चढ आठवला. (तुम्हाला आठवत असेल, एकोणीस वर्षांपूर्वी मी तिला गाडी शिकवायला घेतली होती. सरावाच्या मैदानातल्या चढावर गाडी तिच्या हातून चारदा बंद पडली, आणि मागे बसलेल्या तीन विद्यार्थ्यांसमोर मी म्हणालो, हिचा पाय आहे की दगड? ती उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला नाही आणि मीही तो विषय काढला नाही. काढायला हवा होता.)

तेव्हा सांगायचं तात्पर्य, ही गाडी तुम्ही विकाच. जी गाडी बंद पडते ती आपल्या मर्जीने, चालू होते ती आपल्या मर्जीने, चढावर पाय उचलला तरी मागे येत नाही, तिच्यात शेजारी बसून ओरडणाऱ्या माणसाला कामच काय उरलं? आणि मला दुसरं काही येत नाही, मेहुणेसाहेब. उद्या सगळ्याच गाड्या अशा निघाल्या तर मी पाटी उतरवून तुमच्या बहिणीला काजं करून देत बसू का? हा राग मी तुमच्या गाडीवर काढतोय हे मला कळतं, पण काढायला दारात तीच उभी आहे.

पाठीची काळजी घ्या. राग नसावा, लोभ असतोच.

आपला,
मास्तर

ता. क. चारही चाकांतली हवा तपासली आहे. ओरखडा एकही नाही. पुढच्या गालिच्यावर अंड्याचा डाग आहे, तो पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तुमच्या बहिणीने काढला, तरी थोडा दिसतो.

ता. क. दुसरा. हे पत्र तुमच्या बहिणीने वाचलं. म्हणाली, खरं काय ते लिहा, नाहीतर मी लिहिते. तर खरं असं, की गेले तीन आठवडे रोज सकाळी सहा वाजता आमच्या सरावाच्या मैदानात ती तुमची गाडी चालवते. मी मागे बसतो. पुढच्या सीटवर तिची पर्स आणि ते पुस्तक बसतं. मी पुढे बसायचं नाही ही तिची अट, आणि चाकं फिरत असताना तोंड उघडायचं नाही ही दुसरी. परवा त्याच चढावर ती गाडी थांबवून उभी राहिली, इंजीन आपण होऊन बंद झालं, मी मागे गुडघ्यांत तोंड खुपसून दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. तिने पाय उचलला आणि गाडी सुळकन वर गेली. मेहुणेसाहेब, इतका हलका पाय मी तीस वर्षांत पाहिला नाही. वर पोचल्यावर, चाकं थांबल्यावर, मी तिला तसं सांगितलं. तिची परीक्षा पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला आहे आणि स्कूलच्या गाडीला ती पाय लावायला तयार नाही. तेव्हा हात जोडून विनंती, विकू नका. डॉक्टरांना मीच सांगून आलो, की गाडी भर चौकात बंद पडते. त्यांना लगेच पटलं, कारण त्या दिवशी माझ्या मागे हॉर्न वाजवत तेच उभे होते.

दादा, हे मी लिहितेय. पाणी पीत जा. परीक्षेचा अर्ज ह्यांनी भरून आणला. 'शिकवणाऱ्याचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव चांगलं ठळक लिहिलं होतं. मी ते खोडून तुझ्या गाडीचा नंबर टाकला. मग संध्याकाळी हे नीट जेवले नाहीत. वाईट वाटलं रे. म्हणून नंबराच्या खाली ह्यांचं नाव पुन्हा लिहिलंय आणि पुढे कंसात 'मागची सीट'.