जडत्वाला आळस म्हणणारी भाषा

जानेफळ, ११ नोव्हेंबर

पाच महिने वहीकडे फिरकलो नाही. चुकलंच. स्वतःला सांगण्यासारखं काही करत नव्हतो.

आज नववीला जडत्व शिकवलं. घरी येऊन सहज इतर भाषांतले शब्द पाहिले. जर्मनमध्ये जडत्वाला आणि आळसाला एकच शब्द आहे. आपल्या शब्दात कुणाचा दोष नाही. वस्तू आहे तशी राहते, बस्स. मला हा शब्द किती सोयीचा!

बाबांना लकवा झाला तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, डाव्या हाताची बोटं रोज उघडून द्या. आठवडाभर दिली. मग पेपर तपासणं, मग लग्नं, मग नुसतंच उद्या. आता मूठ घट्ट मिटली आहे. संध्याकाळी उघडायला गेलो तर बाबा ओरडले. नखं तळव्यात रुतली आहेत.

“लोकायच्या पोरायले शिकवून राह्यला मास्तर, अन् मायी मूठ काऊन राह्यली बे?” म्हणाले आणि स्वतःच हसले.

वेळ नव्हता? रोजचा चहा त्यांच्याच शेजारी बसून घेत होतो. मूठ समोरच होती.

उद्या: बुलढाण्याला डॉक्टरांना खरं सांगणे, व्यायाम मीच बंद केला.