एकशे बासष्ट पूर्णांक सात

मी, सहादू रावजी गांगुर्डे, वय सदुसष्ट (शाळेच्या दाखल्याप्रमाणे, आईच्या मते दोन वर्षे इकडे किंवा तिकडे), राहणार द्वारकेजवळ, नाशिक, आज पूर्ण शुद्धीवर असताना, कोणी न सांगता, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. माझी सायकल शेजारी खंडेराव यांना द्यावी. गेली सहा वर्षे ती त्यांच्याकडेच असते. आता निदान हवा तरी स्वतः भरतील.

२. बँकेतील शिल्लक पत्नी लताबाई हिची. ती हयात असेपर्यंत राहते घर तिच्याच ताब्यात राहील.

३. तिच्यामागे घर माझा धाकटा भाऊ जयराम याचा मुलगा मंगळू यास मिळावे. मला मूलबाळ नाही म्हणून देतो, असे कोणी समजू नये.

मी वनखात्यात होतो, वनरक्षकांच्या भरतीत उमेदवारांची उंची मोजत असे. किमान एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर लागे. रिवाज असा, की अर्ध्याच्या आतले सोडायचे, अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण धरायचा. १९७४ साली मंगळू माझ्यासमोर उभा राहिला. एकशे बासष्ट पूर्णांक सात भरला. त्याच सकाळी तेवढेच भरलेले दोघे मी एकशे त्रेसष्ट लिहून पुढे पाठवले होते. पुतण्याचा मात्र दशांश लिहिला.

"काका, आज लय बारीक मोजलं तुम्ही," एवढेच तो बोलला. वयोमर्यादा संपत होती. पुन्हा संधी नव्हती. आता तो लासलगावला कांद्याच्या गोण्या उचलतो. जयरामने माझ्या घरी येणे सोडले.

"परक्याला देता ते घरच्याला का नाही?" असे लताबाईने विचारले. लोक वशिला म्हणाले असते, असे मी सांगितले. ते खोटे होते. साहेब स्वतः म्हणाले होते, "गांगुर्डे, त्रेसष्ट धरा." मला निःस्पृह म्हणून नाव हवे होते. ते मिळाले. वर्षाच्या आत बढती मिळाली, आणि त्या पगारावर कर्ज काढून हे घर बांधले. म्हणून हे बक्षीस नव्हे. मला या घराची लाज वाटते.

४. मंगळू नको म्हणाला, तर लताबाईने वर्षातून एकदा त्याला पुन्हा विचारावे. चिडू नये.

नाशिक, ९ नोव्हेंबर १९८६
(सही) सहादू रावजी गांगुर्डे

साक्षीदार:
१. सावळीराम दगडू पगारे, जुने सहकारी.
२. जयराम रावजी गांगुर्डे, भाऊ. बारा वर्षांनी घरी आला. सगळे वाचले. पाणी घेतले नाही, सही केली.