चि. सौ. कां. पुढची जागा

आई, तुझ्या लॅपटॉपची हार्डडिस्क काल बदलली. वर्षभर ती भरली म्हणून तांबडी पट्टी दाखवत होती आणि मी रोज ती पट्टी बंद करून पुढं जात होतो. बॅटरी तर केव्हाच मेली. वायर लावल्याशिवाय तो जगत नाही, वायर जरा हलली की गप्प. बिजागरीचा स्क्रू निघालाय तिथं मी चिकटपट्टी मारली आहे. एन्टरच्या कळीच्या फटीत शेंगाच्या चटणीचं तिखट अजून आहे, ते मी मुद्दाम काढत नाही. पप्पा म्हणतात, मोडीत घाल, नवा घेऊ. पप्पांना काय जातंय म्हणायला. त्यांनी तुला त्याच्यावर काम करताना पाठीमागून बघितलंय, मी समोर बसून बघितलंय.

ओट्याशेजारी स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, शेगडीवर कुकर, आणि तू लग्नपत्रिका टाइप करते आहेस. सात रस्ता चौकामागच्या बोळात चाचांची छपाईची प्रेस. ते हातानं लिहिलेले मजकूर पाठवायचे, तू ते टाइप करून पेनड्राइव्हमध्ये घालायचीस आणि मला सायकलवर पिटाळायचीस. नळाला पाणी यायचा दिवस असला की एक घागर आणि एक कार्ड, एक घागर आणि एक कार्ड, असं चालायचं. तोंडानं तू 'हाय' म्हणायचीस आणि बोटांनी 'आहे' लिहायचीस. असं का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, कार्ड लोक जपून ठेवत्यात, आपलं बोलणं कोण ठेवतंय. आता वाटतं, ठेवलं असतं कुणीतरी तर बरं झालं असतं. तुझा आवाज माझ्याकडं कशातच नाही.

तुझे दोन फोल्डर होते, झालेले आणि राहिलेले. या दोन्हींच्या बाहेर एकच फाइल होती, नमुना. गिऱ्हाइकाला मजकूर कसा बसेल ते दाखवायला तू ती केली होतीस आणि त्यात नवरदेव म्हणून माझं नाव घातलं होतंस. मी पाचवीत. चि. पुढं मी, पप्पांचं नाव, आडनाव, सगळं. आणि समोर चि. सौ. कां. लिहून पुढं नुसती टिंबं. एकदा प्रेसमध्ये पेनड्राइव्ह द्यायला गेलो तर कार्ड ठरवायला आलेल्या बायका माझ्याकडं बघून हसायला लागल्या. हाच का नवरदेव, चड्डीतला, असं त्यातली एक म्हणाली. चाचांनी तर तेव्हापासून मला दुसऱ्या नावानं हाकच मारली नाही. मी पेटलो. घरी आलो आणि तो पेनड्राइव्ह भरल्या घागरीत टाकला.

तू मारशील असं वाटलं होतं. तू घागरीत हात घातलास, पेनड्राइव्ह पदराला पुसलास, तांदळाच्या डब्यात पुरलास, आणि मग माझ्यासमोर बसलीस.

"नमुन्याला कुणाचं तरी नाव लागतंय की रे. लोकाच्या पोराचं घालून त्याचं खोटं लगीन लावू व्हय मी?"

मग नवरीचंपण घाल की, असं मी रडत रडत म्हणालो.

"ती जागा रिकामीच असू दे. ती कुणाची तरी लेक हाय. विचारल्याबिगर तिचं नाव छापायचं न्हाय."

माझं रडं थांबावं म्हणून असेल, तू मग पडद्यावर बोट ठेवून मला 'कां'वरचं टिंब दाखवलंस. हे टिंब निम्मी दुनिया विसरते म्हणालीस. टिंब गेलं की नवरी गेली, नुसता 'का' उरतो, आणि का म्हणून विचारणारी नवरी कुठल्या सासूला चालते. आपण दोघं हसलो. कुकरची शिटी झाली. एवढंच, पण मला तो दिवस सगळा आठवतो. चार वर्षांनी तू गेलीस तेव्हा राहिलेल्या फोल्डरमध्ये काही कार्डं तशीच होती. चाचांनी ती दुसऱ्याकडून करून घेतली, लग्नं काही थांबली नाहीत.

आता तुला तिच्याबद्दल सांगायला पाहिजे. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला ती माझ्या पुढच्या बाकावर बसायची. वेळापूरची, इथं मावशीकडं राहायची. मला राग आला की माझ्याकडं न बघता स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवायची, भूक लागली की माणूस भांडतो म्हणून. बरोबर होतं तिचं, आई. निम्म्या वेळा मला भूकच लागलेली असायची. एक दिवस मला वाटलं, तुझी ती रिकामी जागा आता भरावी. पण तुझ्या जुन्या फॉन्टमध्ये मला टाइप कुठं करता येतं. 'क' दाबला तर भलतंच काहीतरी उमटतं. मग मी झालेल्या फोल्डरमधली तुझी कार्डं एक एक करून उघडत बसलो. अख्खी संध्याकाळ गेली, आणि शेवटी करकंबच्या कुठल्याशा लग्नातल्या नवरीचं नाव हिचंच निघालं. तिथून उचललं आणि तुझ्या नमुन्यात टिंबांवर चिकटवलं.

दुसऱ्या दिवशी तिला कॉलेजच्या जिन्यावर लॅपटॉप उघडून दाखवलं, वायर ग्रंथालयातून ओढून. छापलं नव्हतं आई, आणि आधी तिलाच विचारलं, राहू देऊ का म्हणून. तिनं पडदा स्वतःकडं वळवून वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाली, "हे तुला येत नाही टाइप करायला. कुणी केलं?" मी म्हणालो, आईनं. तिला माहीत होतं तू नाहीस ते. तिनं करकंबच्या नवरीची गोष्ट सगळी ऐकली, पडद्यावरच्या स्वतःच्या नावावरून एकदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "राहू दे मग. आईंनी लिहिलंय." ती आईनं नाही म्हणाली, आईंनी म्हणाली. सून म्हणते तसं. मी त्या एका शब्दावर वर्षभर जगलो.

नंतर तिच्या घरी कळलं. आता भेटायचं नाही, असं तिनं मला गेटवर दोन वाक्यांत सांगितलं आणि मी कॅन्टीनसमोर उभा राहून ओरडलो, काय ओरडलो ते तुला सांगत नाही. ती ज्या वर्गात बसते त्या वर्गात मी बसणार नाही, असं ठरवलं आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजच सोडलं. पप्पांनी समजावलं, मग शिव्या दिल्या, मग काही महिने बोलणं सोडलं. आता मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला असतो. काम वाईट नाही. डोकं लागत नाही, त्यामुळं ते दिवसभर तिच्याकडंच असतं.

या महिन्यात तिचं कार्ड आलं. मोबाइलवरच, वाजंत्रीसकट. आणि माझी नजर पहिली कुठं गेली सांगू? नवऱ्याच्या नावावर नाही. तिच्या नावाआधी लिहिलं होतं चि. सौ. का. वर टिंब नव्हतं. मी ते बघत बसलो आणि मला एकदम तुझा इतका राग आला, तू नाहीस म्हणून, की फोनमधलं तिचं सगळं पुसलं आणि समोर चालू असलेला लॅपटॉप उचलून कॉटवर आपटला. कॉटवरच आपटला, गादी होती. पण तेव्हापासून त्याच्या आतून टक टक असा आवाज यायला लागला, आणि मग मला घाम फुटला. कारण तिचे फोटो, व्हिडिओ सगळे त्यातच भरलेले, आणि तूही त्यातच.

दुरुस्तीवाल्यानं कान लावून ऐकलं. माझ्याच वयाचा आहे, पण डॉक्टरसारखा बोलतो. डिस्क चाललीय म्हणाला. नवीन टाकू, विंडोज नवीन घालू, जुनीतून निघेल तेवढा डेटा ओढून घेऊ, पण ती मधेच कुठंही थांबेल. मग माझ्याकडं बघून त्यानं विचारलं, "आधी कुठलं घेऊ?"

पडद्यावर दोन फोल्डर शेजारी शेजारी होते, एकात नमुन्यासकट तुझं सगळं, दुसऱ्यात तिचं. तिचा अवाढव्य, डिस्क त्यानंच तर भरली होती. तुझी सगळी वर्षांची कार्डं मिळून तिच्या एका व्हिडिओएवढीसुद्धा नव्हती. मी तुझ्यावर बोट ठेवलं. तुला वाटेल पोरगं गुणाचं आहे. तसं काही नाही. तुझं लहान आहे, पटकन होईल आणि तिच्यासाठी वेळ उरेल, एवढाच हिशेब होता. तू चहा संपायच्या आत नव्या डिस्कवर आलीस. तिचं सुरू झालं, पट्टी जरा पुढं सरकली, आतून टक टक टक झालं, आणि थांबलं. मग तो बराच वेळ खटपट करत राहिला, मी समोरचं ट्रॅफिक बघत राहिलो. शेवटी जुनी डिस्क माझ्या तळहातावर ठेवून म्हणाला, गरम आहे, जपून.

घरी येऊन तुझी फाइल उघडली तर आत तू नव्हतीस. तुझ्या अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, नुसता पाला. नमुना उघडला, तोही तसाच. एक एक करून किती फाइली उघडल्या कुणास ठाऊक, सगळीकडं तेच. मला कळून चुकलं की हे मी केलंय, त्या आपटण्यानं केलंय. आणि तेवढ्यात हेही वाटलं की त्या दुरुस्तीवाल्यानं केलंय, म्हणून लॅपटॉप काखेत मारून त्याची गचांडी धरायला निघालो. बोळाच्या तोंडाशी चाचा उभे होते.

"काय नवरदेव, कुनाला मारायला निघाला?"

मी काय बोललो त्यातलं अर्धं त्यांना कळलं नसेल. त्यांनी मला आत ओढलं. आता तिथं सगळं फ्लेक्सचं काम चालतं, पुढाऱ्यांचे वाढदिवस आणि दहावीचे अभिनंदन. त्यांनी वायर लावली, फाइल बघितली, आणि हसायला लागले.

"काय बी झालेलं न्हाय बेटा. अंगावर कपडे न्हाईत म्हनून आई वळखू येईना तुला."

फॉन्ट नव्हता, आई. मी तुझी कार्डं आणली, आणि तुझा फॉन्ट जुन्या विंडोजबरोबर तिथंच राहिला. कोपऱ्यातल्या जुन्या कम्प्युटरवर चाचांचा डबा आणि टोपी होती, ती त्यांनी बाजूला केली, धूळ फुंकली, आणि पेनड्राइव्हवर तो फॉन्ट काढून लॅपटॉपमध्ये घातला. मग नमुना उघडला. पाला हलला आणि तू आलीस. आमच्या येथे श्रीकृपेकरून, सगळ्या वेलांट्या जागेवर. खाली पोरांची ओळ, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'. मधे मी, आणि समोर ती. चाचांनी चष्मा वर केला. ही जागा तर रिकामी असायची की रे, म्हणाले. मी हलणारी वायर धरून बसलो. त्यांनी मग चहा सांगितला.

आज कारखान्याला सुट्टी आहे. सकाळपासून नमुना उघडून बसलोय आणि त्याच्याच शेजारी दुसऱ्या खिडकीत हे तुला लिहितोय, मोबाइलसारखं इंग्रजी अक्षरं मारून. ती आता खरोखर दुसऱ्या कुणाची तरी आहे. तिला विचारायला जायची सोय राहिली नाही, आणि न विचारता नाव ठेवायचं नाही हे तूच सांगितलंस. म्हणून मघाशी मी ते नाव निवडलं आणि पुसलं. मग तुझी टिंबं परत टाकावीत म्हणून टिंबाची कळ दाबली, तर तुझ्या फॉन्टमध्ये तिथं अर्धा ण आला. परत दाबली, परत अर्धा ण. चि. सौ. कां. ण्ण्ण्. मला हसू आलं आणि मग ते हसणं काही थांबेना, पप्पा दारात येऊन बघून गेले. शेवटी तुझ्याच एका कार्डातली टिंबं उचलून आणली. कुणीतरी मुहूर्ताची वेळ नंतर कळवतो म्हणाला असेल, तिथं तू ती ठेवली होतीस.

आता जागा तुझ्यासारखी दिसते. करकंबच्या कार्डात ते नाव आहेच, तू लिहिलेलं, ज्या बाईचं आहे तिचं. मी तेही उघडून बघितलं. पण ते तिचं नाही, आई. अक्षरं तीच आहेत, तरी नाही. तिनं बोट फिरवलं ते या जागेवर.

वर सेव्हचं बटण आहे. ते दाबलं की नमुन्यात टिंबं कायमची राहतील. बॅटरी तर नाहीच, न दाबता लॅपटॉप बंद पडला तर टिंबं जातील, तिचं नाव जिथल्या तिथं राहील, आणि त्याच्याबरोबर हे तुला लिहिलेलंही जाईल, कारण हेही मी सेव्ह केलेलं नाही. डोक्यावरचा पंखा अजून फिरतोय. इतका वेळ मी स्वतःला सांगतोय की लिहून झालं की दाबतो. पण दुपारी लाइनच्या दुरुस्तीसाठी लाइट जाणार असल्याचा मेसेज सकाळीच आला होता, आणि तो वाचूनच मी लिहायला बसलो.