बर्गनच्या घरांतली चूल

गुरुवार, संध्याकाळ. वॉटफर्ड.

नॉर्वेहून परतलो. लेस्टरहून लेकीचा, सईचा फोन आला. ती बरोबर येणार होती, पण ऐन वेळी हॉस्पिटलने ड्यूट्या बदलल्या. असो.

"बाबा, कसं होतं बर्गन?"

सांगायला लागलो. बंदरावरची व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं, एकमेकांना खेटलेली, किंचित कललेली. आगीच्या भीतीने त्या काळी आत चूल पेटवायला बंदी. गाइड म्हणाला, चूल होती. मी तिथेच त्याचं म्हणणं दुरुस्त केलं.

"गाइडलाही शिकवलंत? बिचारा! आणि पाठवलेल्या फोटोंत नुसती छपरं? तुम्ही कुठे आहात?"

म्हटलं, दुसऱ्याच्या हाती कॅमेरा दिला की छपराचं टोक कापतात. खरं म्हणजे, देणार कोणाला होतो?

तेवढ्यात तिला वॉर्डमधून बोलावणं आलं.

ती चूल काही डोक्यातून जात नाही. शेकायला, जेवायला सगळे व्यापारी मागच्या एका सामाईक खोलीत जमायचे. हे सांगून म्हणणार होतो, रविवारी जेवायला ये. छपरांतच अडकलो.

आत्ता मेसेज केला, 'रविवारी ये, फोटो नीट दाखवतो.'

'जेवायला ये' म्हणायचं पुन्हा राहिलंच.