रुखवताच्या कुरडया

आई, तू गेल्यावर यंदा कुरडया मी घातल्या, आणि त्या सडाव्यात म्हणून घातल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पोरगा किती गुणाचा निघाला असं तुला उगाच वाटायला नको. लंडनमधल्या, हॅरोच्या काकूंचा फोन आला होता; काकू नुसत्या म्हणायच्या, रक्ताचं नातं नाही, हे तुला माहीतच आहे. लेकीचं लग्न ठरलंय, मुलगा डॉक्टर आहे, ऑगस्टमध्ये हॉल बुक केलाय आणि रुखवतात मांडायला कुरडया हव्यात, दुकानातल्या नकोत. आमच्याकडे कुठे काही धड वाळतं, म्हणाल्या, तुमच्या गावची हवाच वेगळी, तुझ्या आईच्या किती पांढऱ्याशुभ्र व्हायच्या. जिच्यासाठी मी दोन वर्षं झुरतोय, तिच्याच रुखवताचं काम मला. काकूंना हे ठाऊक नव्हतं असं समजू नकोस. त्यांच्याच डायनिंग टेबलावर, त्या वाढत असताना, काका माझ्या मनातलं ओळखून मला म्हणाले होते, "इंजिनिअरिंग अर्धं टाकून समुद्रावर हवा खात बसलाय. हवा खाऊन संसार होतो का रे?" सगळे हसले. मी ताटावरून उठलो आणि काकांना जे बोललो ते तुला लिहून दाखवणार नाही. तेव्हापासून त्या घराचा उंबरा चढलो नाही. म्हणून फोनवर अगदी गोड आवाजात म्हटलं, हो काकू, किती घालू?

आणि हवा म्हणशील तर ती मी खरंच खातो, त्यात लाज कसली? ग्लासगोला तुझे कपडे दिवसदिवस रेडिएटरवर लोंबायचे आणि तुझी छाती रात्रभर वाजायची, म्हणून बाबांनी इथे, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॉस्पिटलात बदली करून घेतली. लोक हसले होते. म्हाताऱ्यांचं गाव, बाकं आणि सीगल, दुसरं काय आहे तिथे? तुला मात्र दिसलं. पश्चिमेकडचे ढग वेल्समध्ये आणि बर्मिंगहॅमवर सगळं सांडून मोकळे होतात आणि आपल्यापर्यंत येतात ते रिकामे. जानेवारीत बाहेरचा नळ गोठत नाही. समोरच्या घराच्या भिंतीला चक्क अंजिराचं झाड आहे. एप्रिलमध्ये पूर्वेचा वारा ओठ फाडतो, मे-जूनला सकाळी समुद्रावरून धुकं येतं आणि चहा होईपर्यंत उडून जातं, जुलैत सगळ्यांची लॉन्स पिवळी पडतात आणि होजपाइपवर बंदी येते. ऑक्टोबरात समुद्राला थंड व्हायची घाई नसते, म्हणून रात्री स्वेटर लागत नाही. नाताळातही आपल्या गेटपाशी एखादा गुलाब असतो, किरकोळ, पण असतो. पहिल्याच वर्षी तू मागच्या गार्डनमध्ये उभी राहून हात वर केलास, वारा बघितलास आणि बाबांना म्हणालीस, अहो, इथे वाळवण होईल.

मी सात-आठ वर्षांचा आहे, पॅटिओवर तुझी जुनी सुती साडी अंथरलेली आहे, माझ्या हातात वॉटर पिस्तूल आहे आणि एक सीगल माझ्या डोळ्यांदेखत कुरडई उचलून शेजारच्या छपरावर जाऊन बसलाय. मी भोकाड पसरतो. किचनच्या दारातून तू म्हणतेस, "राखायला बसवलं होतं तुला, आकाश बघायला नाही." माझ्या शेजारी हॅरोहून आलेली ती बसलेली असते. मेच्या सुट्टीत ते सगळे यायचे ना. तिला तू कुरडई मोडून आवाज ऐकायला शिकवलंस: कट् झालं तर वाळली, नुसतीच वाकली तर परत उन्हात. मला नाही शिकवलंस. मी राखणदार. आणि तू काही फार क्षमाशील होतीस असंही नाही. काकू एकदा तुझ्या पापडांना जरा गावठी चव आहे म्हणाल्या, तर पुढच्या वर्षी त्यांचा डबा तू बिनमिठाचा भरलास आणि वर्षभर फोनवर विचारत राहिलीस, आवडले ना? त्यामुळे मला शिकवायला येऊ नकोस. हे तुझ्याकडूनच आलंय.

गहू भिजवले, वाटले, चीक शिजवला. तुझा पितळी सोऱ्या इतका जड आहे हे मला माहीत नव्हतं. तू तो एका हाताने फिरवायचीस. पहिल्या दिवशी ऊन असं कडक की जूनमध्येच मान भाजली. संध्याकाळपर्यंत कुरडया वरून खडखडीत झाल्या आणि आत, मधल्या पिळात, ओल्या राहिल्या. तिथेच मी थांबलो. गोळा केल्या, प्लॅस्टिकच्या डब्यांत दाबून भरल्या, झाकणं लावली. ऑगस्टपर्यंत हिरवी बुरशी. हॉलमध्ये सजवलेलं टेबल, मुलाकडची माणसं, बर्मिंगहॅमचे डॉक्टर, आणि काका हसत हसत झाकण काढतायत. मी ते दृश्य मनात इतक्या वेळा पाहिलं की मला झोप चांगली लागायला लागली.

न्यायला काकू येतील असं धरून चाललो होतो. शनिवारी सकाळी ती आली, एकटी, रिकामी सूटकेस घेऊन. बाबा कोपऱ्यावरून दूध आणायला म्हणून गेले आणि तास दीड तास आलेच नाहीत. तिने डबा उघडला, एक कुरडई घेतली, मोडली. वाकली.

"ओली आहे," ती म्हणाली. "मुद्दाम?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

ती चिडेल, रडेल, निदान काकूंना फोन करेल असं मला वाटलं. तिने बूट काढले, कपाटातून तुझी साडी काढली (कुठल्या कपाटात ते तिला विचारावं लागलं नाही) आणि पॅटिओवर अंथरून सगळ्या कुरडया परत मांडल्या, एकेक, सुट्ट्या. मग पायरीवर बसली. वाळल्याशिवाय नेता येणार नव्हत्या, म्हणून मीही बसलो. मी काकांना शिव्या घातल्या, त्या डॉक्टरला घातल्या, कॉलेजातल्या त्या ट्यूटरलाही घातल्या, ज्याच्याशी भांडून मी बाहेर पडलो. एका सीगलला तिने माझी चप्पल फेकून मारली. मग म्हणाली, "तू माझ्या बाबांशी भांडलास. ट्यूटरशी भांडलास. मला कधी विचारलंस?"

आई, मला खरंच आठवेना. तिला आवडायचं ते सगळं मला पाठ आहे, आणि विचारलेलं आठवेना.

दुपारी पश्चिमेकडून ढग आले, चांगले काळे. मी मनात म्हटलं, पड. चार थेंब पड, म्हणजे हे सगळं आत घ्यावं लागेल, तिला उद्यापर्यंत राहावं लागेल, आणि उद्या मी विचारीन. तू ज्या हवेला देवासारखं मानायचीस तिला मी त्या दिवशी पायरीवर बसून तोंडात येईल ते बोललो. ढग आपल्या छपरावरून गेले आणि लांब समुद्रावर जाऊन पडले. पाण्यावर पडणारा तो पाऊस इथून स्पष्ट दिसत होता. पॅटिओवर कडक ऊन. तिने एक कुरडई मोडली, कट्, आणि सूटकेस भरायला घेतली.

काकांना मी माफ केलेलं नाही. लग्नाला जाणार नाही, आणि गेलोच तर त्यांच्या घरचं पाणीही पिणार नाही. हे पत्र बाबांना सापडायच्या आत फाडून टाकीन. तिला गाडीत बसवून आल्यावर स्टेशनवर काय झालं ते त्यांनी विचारलं, तेव्हा गाडी वेळेवर सुटली, एवढंच सांगितलं. तुला सांगतो. गाडीची दारं लागल्यावर मी तिला विचारलं. काचेतून तिने भुवया उंचावून काय म्हणून खूण केली, आणि मी काही नाही अशी मान हलवली.